खरं आगळ खरं आहे, हे कोण सांगणार? अन्नातील फसवणुकीच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
अन्नातील फसवणूक या विषयावर काम करणारे विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले सर्व संशोधक,
तसेच या संशोधनाचे विषय आणि निधी ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका शहरात अन्नातील फसवणुकीवर एक दिवसाचा परिसंवाद झाला. मला ‘उत्पादक प्रतिनिधी’ म्हणून बोलावलं होतं. पहाटेची गाडी पकडून गेले आणि दिवसभर वहीत लिहून घेत राहिले. मध, ऑलिव्ह तेल, बासमती, केशर, दूध, मांस. एकेका पदार्थासाठी किती तऱ्हेच्या चाचण्या निघाल्या आहेत हे ऐकून खरंच बरं वाटलं. शेवटच्या सत्रात मी उभी राहिले आणि विचारलं, कोकमाच्या आगळासाठी, म्हणजे सालींना मीठ लावून काढलेल्या रसासाठी, अशी चाचणी कधी येईल? उत्तर मिळालं, “कोकम हे गौण पीक. त्याच्या खात्रीच्या नमुन्यांचा संच नाही. तसा प्रस्ताव आला होता, पण प्राधान्यात बसला नाही.” मग चहाची वेळ झाली.

उत्तर देणाऱ्यांनी ते सौम्यपणे दिलं, माझा अपमान कुणी केला नाही. पण आमच्या वाडीतल्या सात बायकांच्या वर्षाच्या कमाईचं काय होणार, ते त्या ‘प्राधान्यात बसला नाही’मध्ये ठरलं होतं आणि ठरवताना आम्हांला कुणी विचारलं नव्हतं. हे मला गप्प बसून सोसवत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते तुमच्याइतकंच आगळ विकत घेणाऱ्या प्रत्येकानं वाचावं, म्हणून उघड.

मी कुडाळ तालुक्यात राहते. सतरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. आता सासूबाईंनी सुरू केलेला कोकमाचा व्यवसाय बघते. घरामागे आणि उतारावर मिळून रातांब्याची, म्हणजे कोकमाची, एकतीस झाडं आहेत, त्यांतली बारा नर, म्हणजे फळ न देणारी. बाकीचे रातांबे वाडीतून आणि शेजारच्या गावांतून विकत घेतो. एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत अंगणात दुसरं काही दिसत नाही. रातांबे फोडायचे, बी आणि गर वेगळा करायचा, साली रसात भिजवून उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढली की आमसूल. आगळासाठी सालींना मीठ लावून पिंपात ठेवायचं, रोज ढवळायचं, मग गाळायचं. बियांचं तेल काढतो तेही वाया जात नाही. यात साखर नाही, रंग नाही, लिंबूसत्व नाही.

तीन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका दुकानदारानं आमच्या चोवीस बाटल्या परत पाठवल्या. तक्रार अशी, की बाटलीतला रंग उतरून विटकरी झाला, म्हणजे माल भेसळीचा असणार. सोबत त्यानं दुसऱ्या एका आगळाची बाटली पाठवली, बघा अस्सल असं असतं म्हणून. ती बाटली आमच्याहून जुनी होती आणि तरी गुलालासारखी लाल होती. किंमत आमच्या निम्मी.

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला यात काय झालं ते सांगावं लागत नाही. रातांब्याचा लाल रंग हा अँथोसायनिन जातीचा, म्हणजे फळाफुलांत आपसूक असणारा. उजेड, उष्णता आणि काळ, तिन्ही त्याला खातात. अस्सल आगळ वर्षभरात काळवंडतं, विटकरी होतं, आणि हाच त्याचा स्वभाव. कृत्रिम रंग मात्र तसाच टिकतो. मी एका पेल्यात पाणी घेऊन त्यात दोन थेंब आमचं आगळ टाकलं, चिमूटभर खायचा सोडा घातला. लाल रंग गेला, निळसर काळपट झाला. दुसऱ्या पेल्यात त्या बाटलीतले थेंब टाकून तेच केलं. लाल तो लालच राहिला. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “रंगाक भुलू नको, वास घे.” वास दोन्हींचा घेतला. एकाला रातांब्याचा वास होता.

पण दुकानदाराला वासाचा दाखला चालत नाही, आणि सोड्याचा पेला म्हणजे पुरावा नव्हे. तो फक्त रंगाबद्दल बोलतो. आणि कुणी बनावट मालात थोडं खरं आगळ मिसळलं, तर तोही फसतो. म्हणून पदरचे पैसे भरून मी दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या. दोन्ही अहवाल एकाच दिवशी आले. आम्लता बरोबर, मीठ बरोबर, जड धातू नाहीत, जिवाणू नाहीत. एका अहवालात रंग आढळला, पण तो परवानगी असलेला आणि मर्यादेतला. शेवटची ओळ दोन्हींवर तीच, ‘मानकांनुसार’.

मी त्या प्रयोगशाळेला दोष देत नाही. तिला जे मोजायला सांगितलं होतं ते तिनं मोजलं. हे आगळ रातांब्याचं आहे का, हा प्रश्न तिच्या तक्त्यात नव्हताच. तो प्रश्न तक्त्यात यावा, हे काम तुमचं आहे.

तुमच्या क्षेत्राचा इतिहास मी गेली तीन वर्षं जमेल तसा वाचते आहे, आणि त्यातला धडा माझ्या अंगणापर्यंत येतो. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. मेलामाइनच का? कारण दुधातली प्रथिनं थेट मोजत नव्हते, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा हिशेब लावत होते. आणि मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. दुधात पाणी घाला, मेलामाइन टाका, आकडा भरतो. फसवणारा माणूस दूध बनवत नव्हता, चाचणीचं उत्तर बनवत होता.

आमच्या आगळात मेलामाइन नाही, कुणाचा जीवही जात नाही. पण युक्ती तीच आहे. आम्लता मोजताना आपण टायट्रेशन करतो, म्हणजे थेंबाथेंबानं अल्कली घालून आम्ल किती ते काढतो, आणि उत्तर सायट्रिक आम्लाच्या भाषेत लिहितो. ते आम्ल कुठून आलं, हे टायट्रेशन विचारत नाही. लिंबूसत्वाची पिशवी वाण्याकडे मिळते. पाणी, मीठ, लिंबूसत्व, रंग आणि नावापुरतं कोकम. आकडा भरतो.

नंतर २०१३ साली आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बर्गरमध्ये घोड्याच्या मांसाचा डीएनए सापडल्याचं जाहीर केलं आणि सगळा युरोप हादरला. घोड्याचं मांस खाऊन कुणी मेलं नव्हतं. तरीही ब्रिटननं प्राध्यापक ख्रिस एलियट यांच्याकडून चौकशी करून घेतली, २०१४ मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला आणि पुढच्या वर्षी अन्नातील गुन्ह्यांसाठी वेगळा राष्ट्रीय विभाग सुरू झाला. तिथून या संशोधनाला खरा वेग आला. ‘यात विष आहे का’ या जुन्या प्रश्नाशेजारी ‘हा पदार्थ जे म्हणतो तेच आहे का’ हा प्रश्न मानानं बसला. समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) गुणोत्तरं, चुंबकीय क्षेत्रात रेणूंचा ठसा घेणारी एनएमआर चाचणी, डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणारं डीएनए बारकोडिंग, जवळच्या अवरक्त किरणांची हातात मावणारी यंत्रं, आणि या सगळ्यांच्या आकड्यांतून नमुना ओळखणारे संगणकी कार्यक्रम. हे सगळं मला मोलाचं वाटतं. माझी पहिली तक्रार यंत्रांबद्दल नाहीच, ती यंत्रं कुणाकडे वळली आहेत त्याबद्दल आहे.

अन्नातील फसवणुकीच्या १९८० ते २०१० या काळातल्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी गोळा करून अमेरिकेत एक संच तयार झाला. १३०५ नोंदी. त्यांत सर्वांत वर कोण? ऑलिव्ह तेल, दूध, मध, केशर, संत्र्याचा रस, कॉफी, सफरचंदाचा रस. जिथे पैसा आणि प्रयोगशाळा, तिथे संशोधन. जिथे संशोधन, तिथे नोंदी. आणि मग समित्या नोंदी बघून म्हणणार की फसवणूक इथेच होते, पुढचा निधीही इथेच द्या. आगळाची एकही नोंद नसेल, तर त्याचा अर्थ आगळात फसवणूक नाही असा होत नाही. कुणी पाहिलेलंच नाही, एवढाच होतो. ‘गौण पीक’ या शब्दाला माझा आक्षेप आहे तो यासाठी. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव सरकारदप्तरी राखीव झालं, पण बाटलीतलं द्रव त्या नावाचं आहे की नाही हे ठरवायची रीत कुणीच घालून दिली नाही. अशा मानांकनाला मी न्यायालयात कशी उभी करू?

दुसरी तक्रार मधाच्या गोष्टीतून सांगते. मधात उसाची किंवा मक्याची साखर घातली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून ती पकडता येते, कारण या वनस्पती कार्बन वेगळ्या वाटेनं बांधतात. म्हणून फसवणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, ज्याची वाट मध देणाऱ्या फुलझाडांसारखीच असते. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं १३ ब्रँडचा मध तपासला. इथल्या ठरलेल्या चाचण्यांतून बहुतेक पार झाले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणी केली तेव्हा ३ च ब्रँड टिकले, असं केंद्रानं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं, तो वाद मी इथे उकरत नाही. मला डाचतं ते वेगळं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला आपल्या सरकारनं एनएमआर चाचणी सक्तीची केली होती. म्हणजे परदेशातल्या ताटासाठी चांगली चाचणी, आणि देशातल्या ताटासाठी जुनी. संशोधनाचे विषय निवडतानाही हाच कल दिसतो. निर्यात होणाऱ्या मालाचा प्रश्न तातडीचा, आणि कणकवलीच्या बाजारात सोलकढीसाठी बाटली घेणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र ‘प्राधान्यात बसला नाही’.

हापूसचं उदाहरण याहून वेगळं आहे, आणि तुम्हांला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. २०१८ मध्ये पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं. तरी दर हंगामात परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या खोक्यांतून विकला जातो. डीएनए तपासा म्हणून सुचवणारे मला भेटतात. पण हापूस कलमांनी वाढतो. देवगडचं कलम आणि धारवाडचं कलम एकाच झाडाची लेकरं. डीएनए दोघांनाही हापूसच म्हणणार. फरक शोधायचा तर तो माती, खडक आणि पावसातून फळात उतरलेल्या मूलद्रव्यांत आणि समस्थानिकांत शोधावा लागेल. त्यासाठीही आधी लागतात ते कुठून आले याची खात्री असलेले आंबे, वर्षानुवर्षं गोळा केलेले. देवगडच्या बागायतदारांनी कंटाळून फळाफळावर क्रमांकाचे शिक्के लावायला घेतले. चांगलं केलं. पण शिक्का आंब्याच्या सालीबाहेर असतो, आतल्या फळाबद्दल तो काही सांगत नाही.

आता तिसरी तक्रार, जी मला सर्वांत जास्त लागते. गेल्या काही वर्षांत आमच्या अंगणात तीन वेळा संशोधक येऊन गेले. आम्ही चहा दिला, साली दिल्या, आगळ दिलं, कुठल्या झाडाचं, कुठल्या दिवशी फोडलेलं, मीठ किती, सगळं लिहून दिलं. एका मुलीनं तर पोटमाळ्यावरच्या चार वर्षांच्या जुन्या बरणीतलंही नेलं. परत काहीच आलं नाही. अहवाल नाही, फोन नाही, ‘तुमचं आगळ असं आहे’ म्हणून दोन ओळी नाहीत. आमच्या बायका आजही विचारतात, “बाई, त्या मॅडमांचा काय झाला?” माझ्याकडे उत्तर नसतं. ज्यांचा माल नेला त्यांना त्याचं उत्तर मिळालं पाहिजे, हे सांगायला कुठल्या नियमाची गरज नसावी.

आणि एक भीती. तक्रार म्हणता येणार नाही, कारण ते अजून घडलेलं नाही. नमुन्याचा सबंध रासायनिक ठसा घेऊन संगणकाला खरं-खोटं शिकवण्याच्या पद्धतीकडे आता सगळ्यांचा ओढा आहे. परिसंवादातली निम्मी सादरीकरणं त्यावरच होती. संगणक तेवढंच खरं मानतो जेवढं त्याला खरं म्हणून दाखवलंय. त्याला दोन मोठ्या कारखान्यांचं एकसारखं आगळ दाखवलं, तर आमचं आगळ त्याला परकं वाटेल. आमच्याकडे कातळावरचं झाड वेगळं, ओहोळाकाठचं वेगळं. मिरगाचा पाऊस आठ दिवस आधी आला तर रस पातळ होतो. एका घरात मीठ जास्त पडतं. ही सगळी खरी आगळं आहेत. उद्या एखादं हातातलं यंत्र घेऊन कुणी अधिकारी येईल, यंत्रावर लाल दिवा लागेल, आणि प्रामाणिक बाई खोटी ठरेल. एका यंत्रावर बसवलेलं गणित दुसऱ्या यंत्रावर जसंच्या तसं चालत नाही, हे तुम्हीच लिहिता. मग ते बाजारात आणण्याआधी आमच्यासारख्यांचे नमुने त्यात आहेत की नाहीत हे बघणार कोण?

मी नुसतं रडगाणं गात नाही, काय करता येईल तेही मला दिसतं. आगळासाठी फार महागड्या यंत्राची गरजही नाही. रातांब्याच्या सालीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक, लिंबूसत्वातलं सायट्रिक. दोन्ही एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, वेगळी दिसतात. केरळातल्या कुडमपुळीत, म्हणजे कोकमाच्या भाईबंद आंबट फळातही, हायड्रॉक्सिसिट्रिक असतं, म्हणून एकट्या आम्लावर विसंबता येणार नाही. पण रातांब्याच्या लाल रंगात मुख्यतः दोन अँथोसायनिनं असतात, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण आणि आम्लांचं प्रमाण एकत्र पाहिलं तर बनावट करणाऱ्याचं काम फार अवघड होतं. रंग जुनाट झाल्यावर काय उरतं, हेही मोजावं लागेल, नाहीतर वर्षभर ठेवलेलं खरं आगळ पुन्हा नापास होईल. अडचण एकच आहे, जी तुम्ही स्वतः सांगितलीत. खात्रीचे नमुने नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

कोकमाच्या खात्रीच्या नमुन्यांचा संच तयार करा. किमान सलग तीन हंगाम, सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत, शिवाय गोव्याचे आणि कारवारकडचे नमुनेही, म्हणजे आमचं वेगळेपण सांगताना ते खरोखर वेगळं आहे का हेही कळेल. साली, आमसूल, आगळ, सरबत, ताजं आणि जुनं. लहान घरांतलं आगळ त्यात निम्म्याहून अधिक असावं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र इथल्या झाडांना ओळखतात. हा संच कुठल्या तरी दूरच्या शीतकपाटात न राहता इथे राहावा.

ज्याच्याकडून नमुना घ्याल, त्याला त्याचा निकाल मराठीत, एका कागदावर, सहा महिन्यांच्या आत द्या. निधी देणाऱ्या समित्यांनी ही अट मंजुरीपत्रातच घालावी.

खरं-खोटं ठरवणारी कुठलीही नवी पद्धत बाजारात नेण्याआधी ती लहान उत्पादकांच्या मालावर तपासा, आणि खऱ्या मालाला किती वेळा खोटं ठरवलं हा आकडा जाहीर करा. अचूकतेच्या टक्क्यात तो दडपू नका.

आम्लं आणि रंग यांची जी चाचणी ठरेल, ती मानक ठरवणाऱ्यांपर्यंत तुम्हीच पोचवा. शोधनिबंध छापून आला की काम संपलं असं समजू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं साध्या ग्राहकालाही शुल्क भरून पदार्थ तपासून घ्यायचा हक्क दिला आहे. तक्त्यात योग्य रकाना नसेल तर तो हक्क घेऊन ग्राहक काय करणार?

आणि ‘गौण’ हा शब्द कुठल्या मोजमापानं लावता ते आम्हांला सांगा. उलाढालीच्या रुपयांत मोजत असाल तर किती घरं त्यावर चालतात तेही शेजारी लिहा. विषय ठरवणाऱ्या समितीत एक खुर्ची पदार्थ करणाऱ्या माणसाला द्या. मी स्वतःसाठी मागत नाही. आमच्या वाडीत माझ्याहून चांगलं आगळ करणाऱ्या दोघी आहेत.

ते परत आलेलं चोवीस बाटल्यांचं खोकं मी अजून ठेवलं आहे. तपासलेली बाटली सोडली तर बाकीच्या तारखेसकट बंद आहेत, उघडलेल्या नाहीत. जुनं खरं आगळ कसं असतं ते मोजायचं असेल तर तिथूनच सुरुवात करता येईल. रातांबे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पिकायला लागतील. आमच्या सातजणींच्या सातही घरांतले नमुने आम्ही विनामूल्य देऊ, झाडांवर क्रमांक घालून ठेवू. पाऊस लागायच्या आत यायला हवं.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक आगळ करणारी